लेसरधारी युद्धयंत्राची रचना आणि संचालन : ‘मेकवॉरिअर ऑनलाइन’ या खेळातील मर्यादांच्या गणिताचे विवेचन

सारांश

संगणकावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांकडे शिक्षणक्षेत्रात सामान्यतः वेळेचा अपव्यय म्हणून पाहिले जाते. तथापि काही खेळांच्या मुळाशी गणित, पदार्थविज्ञान व व्यवस्थापनशास्त्र यांना परिचित असलेल्या समस्या असतात. प्रस्तुत लेखात ‘मेकवॉरिअर ऑनलाइन’ या खेळातील ‘हंचबॅक’ नामक लेसरधारी युद्धयंत्राचे उदाहरण घेऊन त्याची जुळणी व संचालन यांमागील तत्त्वे स्पष्ट केली आहेत. अशा यंत्राचे सामर्थ्य शस्त्रांच्या संख्येवर नव्हे, तर उष्णतेच्या हिशेबावर अवलंबून असते, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

बीजसंज्ञा : युद्धयंत्र, लेसर, हीट सिंक, मर्यादाबद्ध इष्टतमीकरण, उष्णता व्यवस्थापन.

१. प्रस्तावना

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या जीवनात संगणकीय खेळांनी मोठे स्थान मिळविले आहे. या खेळांविषयी अध्यापकवर्गात दोन टोकाची मते आढळतात. एक मत त्यांना सर्वस्वी निरुपयोगी ठरविते, तर दुसरे त्यांत शिक्षणाचे भवितव्य पाहते. दोन्ही मते बहुधा खेळाच्या अंतर्रचनेत न शिरताच मांडली जातात. एखाद्या खेळातून विद्यार्थी नेमके काय शिकतो, या प्रश्नाचे उत्तर त्या खेळाचे नियम तपासल्याशिवाय देता येत नाही. म्हणून येथे एकाच खेळातील एकाच यंत्राचा तपशीलवार विचार केला आहे.

‘मेक’ म्हणजे मनुष्याकृती किंवा पायांवर चालणारे, आत चालक बसलेले प्रचंड युद्धयंत्र. रणगाड्याला चाकपट्ट्यांऐवजी पाय आणि बाजूंना हात बसविले आहेत अशी कल्पना केल्यास मेकचे स्वरूप ध्यानात येते. असे यंत्र प्रत्यक्ष युद्धात कोठेही वापरात नाही. ते विज्ञानकथेतील कल्पना आहे. परंतु ही कल्पना ज्या नियमांनी बांधली आहे, ते नियम मात्र काटेकोर अंकगणिताचे आहेत.

२. खेळाची पार्श्वभूमी

या खेळाचे मूळ संगणकात नसून कागदी पटावर आहे. जॉर्डन वाइजमन व रॉस बॅबकॉक यांनी १९८० मध्ये अमेरिकेतील शिकागो येथे ‘फासा’ ही संस्था स्थापन केली. या संस्थेने १९८४ मध्ये ‘बॅटलड्रॉइड्स’ हा पटावरील युद्धखेळ प्रसिद्ध केला. ‘ड्रॉइड’ या शब्दावर लुकासफिल्म कंपनीने हक्क सांगितल्याने दुसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे १९८५ पासून, तो ‘बॅटलटेक’ या नावाने ओळखला जाऊ लागला. षट्कोनी घरांच्या पटावर फासे टाकून हा खेळ खेळला जातो. एक घर तीस मीटरचे आणि एक डाव दहा सेकंदांचा मानला जातो.

१९८९ मध्ये डायनॅमिक्स या कंपनीने तयार केलेला व अ‍ॅक्टिव्हिजनने प्रकाशित केलेला ‘मेकवॉरिअर’ हा संगणकीय खेळ आला. त्यामुळे पटावरून पाहणारा खेळाडू चालकाच्या आसनावर जाऊन बसला. १९९५ मधील ‘मेकवॉरिअर २’ने या प्रकाराला मोठी लोकप्रियता मिळवून दिली. पुढे कॅनडातील व्हँकूव्हर येथील पिरान्हा गेम्स या कंपनीने ‘मेकवॉरिअर ऑनलाइन’ची निर्मिती केली. ऑक्टोबर २०१२ मध्ये तो चाचणीसाठी सर्वांना खुला झाला आणि १७ सप्टेंबर २०१३ रोजी अधिकृतपणे सुरू झाला. त्यात प्रत्यक्ष माणसे चालवीत असलेली बारा यंत्रे तितक्याच यंत्रांविरुद्ध लढतात. यंत्राच्या जुळणीचे वजन व जागा यांविषयीचे नियम बहुतांशी मूळ पटखेळातूनच घेतलेले आहेत. म्हणून पुढील विवेचनात जुळणीचे आकडे मूळ पटखेळातील दिले आहेत. शस्त्रांचे ऑनलाइन आकडे वेळोवेळी बदलण्यात आले असले, तरी जुळणीमागील तत्त्व कायम राहिले आहे.

३. जुळणीच्या तीन मर्यादा

यंत्र जुळविणाऱ्यास तीन मर्यादा पाळाव्या लागतात.

पहिली मर्यादा वजनाची. प्रत्येक यंत्राचे एकूण वजन ठरलेले असते. सांगाडा, इंजिन, तोल सांभाळणारा जायरो, चालककक्ष, चिलखत व शस्त्रे ही सर्व त्यातच बसवावी लागतात. सर्वसाधारण सांगाडा एकूण वजनाच्या एक-दशांश असतो. एक टन चिलखतातून पटखेळात सोळा गुण संरक्षण मिळते. ऑनलाइन खेळात हे प्रमाण दुप्पट करण्यात आले.

दुसरी मर्यादा जागेची. यंत्राचे डोके, मध्यधड, दोन पार्श्वधडे, दोन हात व दोन पाय असे आठ भाग असतात. या भागांत एकूण ७८ खण असतात. प्रत्येक वस्तू विशिष्ट संख्येने खण व्यापते. इंजिन, जायरो, सांधे व चालककक्ष यांनी व्यापलेले खण वजा जाता हंचबॅकमध्ये ४७ खण उरतात. ऑनलाइन खेळात याखेरीज कोणत्या भागात कोणत्या प्रकारची किती शस्त्रे बसतील, हेही प्रत्येक उपप्रकारासाठी ठरवून दिलेले असते.

तिसरी मर्यादा उष्णतेची. प्रत्येक शस्त्र डागताना उष्णता निर्माण होते. यंत्र धावले तरीही ती निर्माण होते. ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी ‘हीट सिंक’ नावाचे घटक असतात. साधा हीट सिंक एका डावात एक एकक उष्णता बाहेर टाकतो. इंजिनासोबत दहा हीट सिंक वजनात न धरता मिळतात. त्यापुढील प्रत्येकासाठी एक टन मोजावा लागतो.

लेसरचे वैशिष्ट्य या तिसऱ्या मर्यादेत दडलेले आहे. मध्यम लेसरचे वजन केवळ एक टन. तो एक खण व्यापतो, पाच गुण हानी करतो व तीन एकके उष्णता निर्माण करतो. त्याला दारूगोळा लागत नाही. याउलट सर्वांत जड वर्गातील तोफ वीस गुण हानी करते, परंतु तिचे वजन चौदा टन असून दारूगोळ्याचे वजन वेगळे. वरवर पाहता लेसर अत्यंत स्वस्त वाटतो. त्याची खरी किंमत मात्र वजनाच्या रकान्यात नसून उष्णतेच्या रकान्यात असते.

४. हंचबॅक : एकाच सांगाड्याची दोन रूपे

हंचबॅक हे पन्नास टनी, मध्यम वर्गातील यंत्र आहे. उजव्या खांद्यावरील कुबडासारख्या उंचवट्यामुळे त्याला हे नाव मिळाले. त्याच्या ‘४जी’ या मूळ रूपात कुबडात एकच महाकाय तोफ आहे. ‘४पी’ या रूपात तोफ काढून त्या जागी सहा मध्यम लेसर बसविलेले आहेत. दोन्ही रूपांचा हिशेब पुढीलप्रमाणे आहे.

तक्ता क्र. १ : वजनाची विभागणी (टनांत)

| घटक | ४जी | ४पी |
|---|---|---|
| सांगाडा | ५ | ५ |
| इंजिन | ८.५ | ८.५ |
| जायरो | २ | २ |
| चालककक्ष | ३ | ३ |
| चिलखत | १० | १० |
| तोफ व दारूगोळा | १६ | – |
| मध्यम लेसर | २ (दोन) | ८ (आठ) |
| लघु लेसर | ०.५ | ०.५ |
| दहापेक्षा अधिकचे हीट सिंक | ३ | १३ |
| एकूण | ५० | ५० |

तक्त्यातील शेवटून दुसरी ओळ महत्त्वाची आहे. तोफ काढल्याने वाचलेल्या सोळा टनांपैकी केवळ सहा टन नव्या लेसरवर खर्च झाले. उरलेले दहा टन हीट सिंकसाठी द्यावे लागले. म्हणजेच लेसरचा प्रत्येक टन आपल्यासोबत दीड टनाहून अधिक शीतनव्यवस्थेचा भार घेऊन येतो. सर्व शस्त्रांचा एकत्रित मारा ४जीमध्ये ३३ गुणांचा, तर ४पीमध्ये ४३ गुणांचा होतो. वजन तेच, मारा सुमारे तीस टक्क्यांनी अधिक.

आता उष्णतेचा हिशेब पाहू. आठ मध्यम लेसरांची २४ व लघु लेसरचे एक अशी २५ एकके, त्यात धावण्याची दोन मिळवून एका डावात २७ एकके उष्णता निर्माण होते. हीट सिंक २३ असल्याने प्रत्येक डावात चार एकके शिल्लक राहतात. पहिल्या डावाअखेर चार, दुसऱ्या डावाअखेर आठ, चौथ्या डावाअखेर सोळा. पटखेळाच्या नियमांनुसार पाच एककांना वेग कमी होतो, आठ एककांना नेम बिघडतो, चौदा एककांपासून यंत्र आपोआप बंद पडण्याचा धोका सुरू होतो व तीस एककांना ते निश्चितच बंद पडते. अर्थात हे यंत्र सलग चार डाव पूर्ण क्षमतेने मारा करू शकत नाही. दर काही डावांनंतर चालकाने काही लेसर न वापरता थांबणे आवश्यक ठरते. चालकाने केव्हा थांबावे, हे अशा रीतीने जुळणीच्या वेळीच बऱ्याच अंशी ठरलेले असते.

५. मर्यादेचे स्थलांतर

खेळात प्रगत घटकही उपलब्ध असतात. दुहेरी हीट सिंक एक टन वजनातच दोन एकके उष्णता बाहेर टाकतो, परंतु तो तीन खण व्यापतो. हलका सांगाडा निम्म्या वजनाचा असतो, परंतु चौदा खण अडवितो. म्हणजे वजन वाचविण्याची किंमत जागेच्या रूपाने चुकवावी लागते.

४पीमध्ये हे बदल केल्यास काय घडते? हलक्या सांगाड्याने अडीच टन वाचतात. इंजिन २०० ऐवजी २५० क्षमतेचे घेतल्यास त्याचे वजन साडेबारा टन व जायरोचे तीन टन होते. यंत्राचा वेग ताशी ६४.८ किलोमीटरवरून ८६.४ किलोमीटरवर जातो. या इंजिनात दहा हीट सिंक सामावतात. त्याबाहेर आणखी आठ दुहेरी हीट सिंक बसविले, तर एकूण अठरा होऊन प्रत्येक डावात ३६ एकके उष्णता बाहेर पडते. निर्माण होणाऱ्या २७ एककांपेक्षा ही क्षमता बरीच अधिक आहे.

खणांची बेरीज मात्र अशी येते : लेसर ९, आठ दुहेरी हीट सिंक २४, सांगाडा १४, एकूण ४७. सर्व खण संपले. वजनाची बेरीज ४७.५ टन येते. चिलखताची कमाल जवळजवळ गाठण्यास अर्धा टन पुरतो. उरलेले दोन टन वापरण्यास यंत्रात जागाच नाही. पूर्वी वजन अपुरे पडत होते, आता जागा अपुरी पडते.

गणिताच्या परिभाषेत हा मर्यादाबद्ध इष्टतमीकरणाचा प्रश्न आहे. ठरावीक वजनाच्या पिशवीत अधिकाधिक मूल्याच्या वस्तू कशा भराव्यात, या प्रसिद्ध प्रश्नाचेच हे अनेक मर्यादा असलेले रूप होय. कोणत्याही क्षणी सर्वच मर्यादा सारख्या जाचक नसतात. एक मर्यादा सैल केली की दुसरी आड येते. कारखान्यातील उत्पादन नियोजनात किंवा महाविद्यालयाच्या वेळापत्रकात हाच अनुभव येतो. वर्गखोल्या वाढविल्या की अध्यापकांची संख्या अपुरी भासू लागते.

६. पटावरून रणांगणावर : काळाचा प्रश्न

पटखेळात दहा सेकंदांत प्रत्येक शस्त्र एकदाच डागले जाते. ऑनलाइन खेळात डाव नसतात. काळ अखंड वाहतो व मध्यम लेसर दर तीन-चार सेकंदांनी पुन्हा सज्ज होतो. मूळ आकडे गृहीत धरल्यास दहा सेकंदांत तीन वेळा मारा होऊन उष्णता तिप्पट होते. खेळाच्या आरंभीच्या काळात साध्या हीट सिंकची क्षमता मात्र दर सेकंदास ०.१, म्हणजे दहा सेकंदांस पूर्वीइतकीच एक, ठेवलेली होती. त्यामुळे पटावर जवळजवळ समतोल असणारे यंत्र पडद्यावर झपाट्याने तापते. एखाद्या प्रणालीत निर्मितीचा दर वाढविला आणि निचऱ्याचा दर तोच ठेवला, तर जुने संतुलन टिकत नाही, याचे हे बोलके उदाहरण आहे.

यावर खेळाडूंनी निरनिराळे मार्ग शोधले. बहुतेकांनी एकाच प्रकारची अनेक शस्त्रे बसवून ती एकाच क्षणी डागण्यास सुरुवात केली. त्यास आळा घालण्यासाठी कंपनीने जुलै २०१३ मध्ये नवा नियम आणला. एकाच प्रकारची ठरावीक संख्येपेक्षा अधिक शस्त्रे अर्ध्या सेकंदाच्या आत डागल्यास दंडादाखल जादा उष्णता निर्माण होईल, असे ठरले. खेळाडूंनी तिला ‘भुताची उष्णता’ असे उपरोधिक नाव दिले. मध्यम लेसरसाठी ही संख्या सहा होती. परिणामी ४पीच्या चालकास आपले आठ लेसर चार-चारच्या दोन गटांत विभागून, मध्ये अर्ध्या सेकंदाहून अधिक अंतर ठेवून डागावे लागले. नियम बदलताच कौशल्याचे स्वरूप कसे बदलते, हे यावरून दिसते.

७. संचालनाची तत्त्वे

मेकचे पाय व धड स्वतंत्रपणे वळतात. पाय एका दिशेने चालत असताना धड दुसऱ्या दिशेने फिरवून मारा करता येतो. कुशल संचालनाचा पाया या स्वातंत्र्यात आहे.

लेसर व तोफ यांत येथे महत्त्वाचा भेद आहे. तोफेचा गोळा पोहोचण्यास वेळ लागतो, म्हणून चालत्या लक्ष्याच्या पुढे नेम धरावा लागतो. परंतु गोळा सुटताच चालक तोंड फिरवू शकतो. लेसरचा किरण तत्क्षणी पोहोचतो, परंतु त्याची हानी एका क्षणात होत नाही. मध्यम लेसरचा किरण सुमारे एक सेकंद चालू राहतो व त्या काळात हानी थोडी थोडी होत जाते. तेवढा वेळ किरण शत्रूच्या एकाच भागावर स्थिर ठेवणे चालकाचे काम असते. शत्रूने या अवधीत धड फिरविले, तर तीच हानी छाती, हात व पार्श्वभाग यांत वाटली जाते आणि कोणताही भाग निकामी होत नाही. लेसर चालविणाऱ्यास स्वतःही तेवढा वेळ शत्रूसमोर उभे राहावे लागते.

यावरून संचालनाचे एक चक्र सिद्ध होते : आडोशाबाहेर येणे, किरण स्थिर धरणे, धड फिरवून येणारा मारा विभागणे, पुन्हा आडोशास जाणे व यंत्र थंड होऊ देणे. अननुभवी चालक यांपैकी शेवटची पायरी गाळतो. तापलेले यंत्र बंद पडून काही सेकंद निश्चल उभे राहते, आणि निश्चल यंत्र हे सर्वांत सोपे लक्ष्य असते. बंद पडणे टाळण्यासाठी सुरक्षाव्यवस्था डावलता येते, परंतु मग यंत्राच्या अंतर्गत भागांना इजा पोहोचते.

४पीचा आणखी एक दोष रणांगणातच लक्षात येतो. नऊपैकी सहा लेसर एकाच कुबडात आहेत. उजवे पार्श्वधड नष्ट झाल्यास उजवा हातही गळून पडतो. अशा वेळी डाव्या हातातील एक मध्यम लेसर व डोक्यातील लघु लेसर एवढेच उरते. अनुभवी शत्रू नेमका तेथेच मारा करतो. सर्व शस्त्रे एकत्र असल्याने नेम सोपा होतो, पण धोकाही एकवटतो. तक्ता क्र. १ मध्ये हा धोका कोठेही दिसत नाही. कागदावरील उत्तम रचना व प्रत्यक्षातील उत्तम रचना यांतील अंतर ते हेच.

८. कल्पना आणि वास्तव

खेळातील उष्णतेचा नियम निव्वळ काल्पनिक नाही. थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये पहिला लेसर कार्यान्वित केला. तेव्हापासून पुरविलेल्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेत जाणे ही शक्तिशाली लेसरांची मूलभूत अडचण राहिली आहे. समजा, एखाद्या लेसरची कार्यक्षमता एक-तृतीयांश आहे. तर तीस किलोवॉट प्रकाशासाठी नव्वद किलोवॉट विद्युतशक्ती लागेल व साठ किलोवॉट उष्णता निर्माण होईल. ती वाहून नेण्याची व्यवस्था नसल्यास उपकरण टिकणार नाही. अमेरिकी नौदलाने २०१४ मध्ये ‘पॉन्स’ या नौकेवर तीस किलोवॉट वर्गाचे लेसर शस्त्र बसविले. भारताच्या संरक्षण संशोधन व विकास संस्थेने १३ एप्रिल २०२५ रोजी आंध्र प्रदेशातील कर्नूल येथे तीस किलोवॉट वर्गाच्या लेसर प्रणालीचे प्रात्यक्षिक केले. अशा प्रत्येक प्रणालीत किरणाइतकेच महत्त्व शीतनाला असते.

तथापि काही बाबतींत खेळ वास्तवापासून दूर जातो, हेही विद्यार्थ्यांस सांगणे आवश्यक आहे. पटखेळातील मध्यम लेसरचा पल्ला नऊ घरे, म्हणजे २७० मीटर आहे. प्रत्यक्षातील किरण असा अकस्मात संपत नाही. त्याचा प्रभाव विवर्तन, धूळ, धुके व हवेतील बाष्प यांमुळे क्रमशः घटतो. पल्ल्याची मर्यादा खेळाच्या समतोलासाठी आहे, पदार्थविज्ञानासाठी नव्हे. तसेच खेळात यंत्र नष्ट झाले तरी खेळाडू पुढील लढतीस तयार असतो. युद्धातील जीवितहानी व तिचे दुःख या हिशेबात कोठेच येत नाही. हा हिशेब शिकविताना त्यातून काय वगळले आहे, याचीही जाणीव दिली गेली पाहिजे.

९. निष्कर्ष

१. लेसरधारी युद्धयंत्राची क्षमता शस्त्रांच्या बेरजेवरून ठरत नाही. निर्माण होणारी व बाहेर टाकली जाणारी उष्णता यांतील फरकावरून ती ठरते.

२. वजन, जागा व उष्णता या मर्यादा परस्परांत गुंतलेल्या आहेत. एकीत सवलत मिळविली की तिची किंमत दुसरीत चुकवावी लागते.

३. डावांच्या जागी अखंड काळ आल्याने जुने संतुलन मोडते. दर बदलला की रचनाही बदलावी लागते.

४. आकड्यांत उत्तम ठरलेली रचना वापरात सदोष ठरू शकते. धोक्याचे केंद्रीकरण हे त्याचे प्रमुख कारण होय.

५. खेळात निपुण असलेल्या विद्यार्थ्यास ही तत्त्वे आपोआप अवगत होतात असे मानता येत नाही. सरावाने त्याला योग्य जुळणी साधते, परंतु ती योग्य का आहे, हे शब्दांत वा समीकरणात मांडणे हे निराळे कौशल्य आहे. ते देणे अध्यापकाचे कार्य आहे. त्यासाठी खेळाची वा संगणकाची आवश्यकता नाही. तक्ता क्र. १ फळ्यावर लिहून, वजन व उष्णता न वाढविता या यंत्राचा वेग वाढविण्याचे गणित वर्गास दिले, तरी मर्यादांचे स्थलांतर विद्यार्थी स्वतः शोधून काढू शकतील. ज्या विषयात विद्यार्थ्याचे मन आधीच रमलेले आहे, त्याला अशा रीतीने शास्त्राची परिभाषा देता आली, तर खेळासाठी खर्च झालेला वेळ काही अंशी अध्ययनाच्या खात्यात जमा करता येईल.